‘अ’ची जागा दाखवणाऱ्या काकांना

काका, शि. सा. न.

समोर येऊन काही बोलायला गेलं की तुम्ही “आधी चहा घे” म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं सगळ्यांच्या देखत लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. लालबागच्या आपल्या चाळीतली माणसं ओळखतीलच.

परवा ऑफिसात मीटिंगमध्ये मी एक वाक्य बोलले. “दॅट इज टू बिग अ रिस्क.” आधी मनात जुळवलं नव्हतं, अडखळले नाही, इंग्रजीतला तो ‘अ’ आपणहून त्याच्या जागेवर येऊन बसला. कोणाचं लक्षही गेलं नाही, मीटिंग पुढे सरकली. मी मात्र खाली वहीत बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

तीच खोली, तीच माणसं होती जूनमध्ये. एका पार्टीचं पेमेंट रखडलं होतं, त्याबद्दल मी मेल लिहिला होता: “वी कॅनॉट अफोर्ड अ सच लाँग डिले.” साहेबांनी तो पडद्यावर लावला आणि ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा ‘अ सच’वर जोर देऊन. सगळे हसले. पैसे कुठे अडकलेत, कोणाच्या सहीसाठी अडकलेत, ते सगळं त्याच मेलमध्ये खाली होतं. तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही. १९ वर्षं मी हिशेब बघतेय काका, ताळेबंदात रुपयाचा फरक निघाला तर रात्री थांबून शोधलाय. त्या सगळ्यापेक्षा दोन शब्दांची अदलाबदल मोठी ठरली. बाहेर आल्यावर मी हसणाऱ्यांतल्या एकाला विचारलं, मग बरोबर काय, आणि का? “ते कानाला चुकीचं वाटतं,” एवढंच उत्तर मिळालं.

नंतर चार हजार भरून स्टेशनजवळचा एक क्लास लावला. तिथेही हाच प्रश्न विचारला. “असंच असतं, पाठ करा.” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी च्यक् केलं. मी जाणं सोडलं. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. मी त्याआधीची, महापालिकेच्या शाळेत पाचवीला ए बी सी डी गिरवलेली. ‘ए, ॲन, द’ची उपपदं म्हणून घोकंपट्टी झाली, पण वाक्यात त्यांनी कुठे उभं राहायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

वरच्या जागेसाठीचा अर्ज घेऊन तुमच्याकडे आले ते निव्वळ तुम्ही फोर्टातल्या छापखान्यात खिळे जुळवण्याच्या काळापासून प्रुफं वाचलीत हे माहीत होतं म्हणून. खरं सांगते, लाज वाटत होती. तुम्ही कागद खिडकीजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचलात आणि पहिलं वाक्य काय बोललात? “पोरी, काम मोठं केलंयस की गं.” इंग्रजीबद्दल अक्षर नाही. मग पेन्सिलनं एकाच ठिकाणी खूण केलीत, एका शब्दाच्या वरून जाऊन दुसऱ्याच्या खालून निघणारी नागमोडी रेघ. तीच माझी चूक, पुन्हा. ‘अ सच.’

“तू नियम पाळलास,” तुम्ही म्हणालात. “‘अ बिग मिस्टेक’मध्ये ‘अ’ सगळ्यांच्या पुढे, म्हणून इथेही पुढे ठेवलास. डोकं लावूनच ठेवलास. ‘सच’ तो नियम पाळत नाही, त्याला तू काय करणार?”

मला कोणी असं सांगितलंच नव्हतं, की चुकीच्या आधी मी विचार केला होता.

मग तुम्ही मोरीवरची भांडी आणून ओट्यावर रांगेत लावलीत. वाटी म्हणजे ‘अ’, तांब्या म्हणजे ‘बिग’, कळशी म्हणजे ‘मिस्टेक’. फुलपात्र म्हणजे ‘सच’, ते एकटंच वाटीच्या पुढे जाऊन उभं: सच अ बिग मिस्टेक. मग फुलपात्राला ‘सो’ म्हणालात आणि त्याच्याबरोबर तांब्याही उचलून पुढे नेलात: सो बिग अ मिस्टेक. ‘सो’ एकटा पुढे जात नाही, विशेषणाचा हात धरूनच जातो. ‘टू’, ‘ॲज’ आणि ‘हाऊ’ त्याच्याच घरातले: हाऊ बिग अ प्रॉब्लेम. आणि कळशीच्या जागी दोन कळशा आल्या तर? तुम्ही वाटी उचलून बाजूला ठेवलीत. अनेकवचनाला ‘अ’ लागत नाही, आणि वाटी गेली की ‘सो’ला अशा रांगेत जागाच उरत नाही. ‘सो बिग मिस्टेक्स’ होत नाही, तिथे ‘सच बिग मिस्टेक्स’च. अजूनही मेल लिहिताना मला ती पितळी वाटी सरकताना दिसते.

“आणि हे तुला येतं,” म्हणालात. “क्रिकेट बघतेस ना? कॅच घेतला की काय ओरडतात?” व्हॉट अ कॅच! ‘अ व्हॉट कॅच’ मी जन्मात म्हटलं नव्हतं. ‘हाफ ॲन अवर’ तर लोकल उशिरा असली की रोज म्हणते. म्हणजे अर्धी गोष्ट माझ्या कानात आधीपासून होती.

त्या संध्याकाळी अजून किती सांगितलंत. हा ‘अ’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘एक’च, बोलून बोलून झिजलेला. ॲन हे जुनं पूर्ण रूप, ‘अ’ हा त्याचा उरलेला तुकडा. स्पेलिंग बघायचंच नाही, कानावर काय पडतं ते बघायचं, म्हणून ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’. आपल्या ‘एक’चं पण तसंच आहे म्हणालात: ‘दहा’ म्हणजे मोजून दहा, ‘दहाएक’ म्हणजे अंदाजे. हे मी लहानपणापासून बोलतेय आणि कधी थांबून ऐकलं नव्हतं. आणि शिवाजी पार्कवर रोज ज्याच्या नावानं ओरडा होतो तो अंपायर! मूळ जुन्या फ्रेंचमधला शब्द, ‘न’नं सुरू होणारा, अर्थ ‘जोडीत नसलेला’, म्हणजे दोघांच्या बाहेरचा तिसरा. इंग्रजांच्या तोंडी त्याच्या सुरुवातीचा ‘न’ मागच्या ‘अ’ला जाऊन चिकटला आणि तिथेच राहिला. एप्रनचंही तेच, नॅपकिनच्या कुळातला शब्द. इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांनाच शतकानुशतकं ‘अ’ कुठे संपतो आणि पुढचा शब्द कुठे सुरू होतो याचा पत्ता लागला नव्हता, आणि त्यातूनच नवे शब्द झाले. हे ऐकलं तेव्हा जूनपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी खाली उतरलं.

पण काका, हे पत्र त्यासाठी नाही. व्याकरण मला कदाचित आणखी कुठेतरी मिळालं असतं.

मी उठले, कागद घडी करायला घेतला, तेव्हा तुम्ही “थांब” म्हणालात. खोडरबर शोधलंत, ते चष्म्याच्या डब्यात होतं. आणि तुमचीच ती रेघ सावकाश खोडलीत, कागद चुरगळू नये म्हणून दोन बोटांनी ताणून धरून. खोडरबराचा चुरा तळहातावर घेतलात. “लेक इंग्रजी शाळेत आहे ना तुझी? घरी बघेल. आईच्या कागदावर दुसऱ्याची पेन्सिल कशाला? रेघ लक्षात राहिली म्हणजे झालं. शब्द तूच बदल.”

लेकीचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिनं मागे एकदा माझा मेसेज दुरुस्त करून दाखवला होता आणि त्यानंतर मी तिच्यासमोर इंग्रजीत लिहायचं सोडलं होतं, हे तर कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं? की कळायची गरजच नव्हती, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका बघून तुमचा हातच तसा झालाय?

गर्दीच्या डब्यात एखादी बाई कानाशी येऊन हळूच सांगते, “ताई, पिन निघालीय,” आणि आपण नीट करेपर्यंत आडोसा धरून उभी राहते. दादरला उतरून जाते, तिचा चेहराही आठवत नाही. या शहरात अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या कितीतरी जणी रोज मान वर करून कामाला जातात. साहेबांनी माझी चूक पडद्यावर लावली. तुम्ही ती खोडून माझ्या हातात दिलीत. चूक दोघांनीही बघितलीच होती.

अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. लेकीला मात्र मी भांडी लावून ‘सो’ आणि ‘सच’ समजावलं. तिला बोलता येतं, पण ‘का’ ते माहीत नव्हतं. ती वाटी पुढेमागे सरकवत बराच वेळ बसली होती.

रविवारी पाणी भरून झालं की येते, तिलाही आणते. ‘क्वाइट अ गुड’ आणि ‘अ क्वाइट गुड’ दोन्ही चालतं असं म्हणाला होतात, तेवढ्यात काकूंनी चहा आणला आणि ते राहूनच गेलं.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची