ब्रेस खाली का घसरतो

प्रिय बाळा,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. तुम्ही चौघांनी मिळून चार महिने खपून केलेला ब्रेसचा, म्हणजे गुडघ्याला बांधायच्या आधाराचा, नमुना त्या ऑर्थोटिस्ट बाईंनी, म्हणजे असे आधार बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञांनी, हातात घेतला, दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "हा घसरणार." बाजूच्या धातूच्या पट्टीच्या ताकदीचं तुमचं गणित त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, याचं तुला फार लागलं. मी फोनवर गप्प राहिले, कारण दोन वर्षं माझ्या पायावरून ब्रेस रोज घसरत होता आणि ते घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं.

माझ्या गुडघ्याची झीज आतल्या बाजूची, हे तुला माहीत आहे. मला दिलेला ब्रेस तीन ठिकाणी जोर लावणारा होता. गुडघ्यापाशी बाहेरून आत ढकलायचं, मांडीवर आणि नडगीवर आतून बाहेर ढकलायचं, म्हणजे झिजलेल्या बाजूवरचा भार थोडा हलका होतो. सपाट रस्त्यावर नुसतं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, त्यामुळे थोडं हलकं झालं तरी ते जाणवतं. सकाळी तो नीट बसवला की खरंच बरं वाटायचं. पण तासाभरात तो बोटभर खाली यायचा. मग बिजागरी गुडघ्याच्या खाली, आणि जोर भलत्याच जागी. म्हणून सांगते, घसरणं ही बारीकसारीक तक्रार समजू नकोस. जो ब्रेस जागेवर राहत नाही, त्याची पट्टी कितीही मजबूत असली तरी उपयोग नाही.

तो का घसरतो हे मला फिजिओथेरपिस्टनी समजावलं. मांडी वरून खाली निमुळती होत जाते, तिच्यावर जे बांधाल ते खालीच सरकणार. शिवाय गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. पाय वाकतो तेव्हा मांडीचं हाड नडगीवर गडगडतंही आणि घसरतंही, त्यामुळे ज्या बिंदूभोवती ते फिरतं तो बिंदूच जागा बदलत राहतो. पाय सरळ होत आला की शेवटच्या साधारण २० अंशांत नडगी किंचित बाहेर वळून घट्ट बसते. तुमच्या नमुन्यात पट्टी बाजूच्या एकाच खिळ्याभोवती फिरते ना? पाय एका वाटेने जातो, पट्टी दुसऱ्या वाटेने. तो फरक कुणीतरी सोसायचा असतो, आणि तो सोसते कातडी. प्रत्येक पावलाला ब्रेस केसभर ओढला जातो, हजार पावलांनी तो बोटभर खाली. दात्यांची दोन चाकं एकमेकांत अडकवलेली बिजागरी या वाटेच्या जास्त जवळ जाते, तंतोतंत तीही नाही. पण बिजागरी वाटीच्या मध्याच्या उंचीला आणि पायाच्या मध्यरेषेच्या थोडी मागे बसली, तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. बाईंना विचार, त्या ही जागा बोटांनी कशी शोधतात. ते चित्रावरून येणार नाही, त्यांचा हात पाहूनच येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुडघ्याच्या लगेच खाली पाय बारीक होतो आणि मग पोटरी फुगते. पोटरीच्या वरच्या त्या खोबणीत पट्टा बसला तर ब्रेस खाली जायला जागाच उरत नाही. मला हे कळल्यावर मी तोच पट्टा रोज थोडा जास्त आवळायला लागले. आठवड्याभरात संध्याकाळी पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. एक दिवस जिना चढताना चवडा पायरीला अडकला आणि मी पडता पडता वाचले. फिजिओथेरपिस्टनी काही न बोलता माझंच बोट धरलं आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक टणक उंचवटा आहे त्यावर ठेवलं. म्हणाले, "या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते, अगदी कातडीखालून. पाऊल वर उचलण्याचं काम तिचं आहे." ती फार वेळ दाबली गेली तर पाऊल लुळं पडू शकतं. म्हणजे पट्टा जिथे सगळ्यात चांगला धरतो, नस तिथेच सगळ्यात उघडी आहे. तुमच्या ब्रेसचं खरं कोडं हे आहे, बाळा. बाहेरच्या बाजूला पोकळी ठेवून आतल्या बाजूने आणि मागून पकड कशी घ्यायची, यावर चार रात्री घालवा. ताकदीच्या गणितावर घालवल्या तेवढ्याच.

मागून म्हणजे लवणीत नाही हं. गुडघ्यामागच्या त्या खळग्यातून मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात, आणि बसताना तिथे घडी पडते. ती जागा मोकळीच हवी.

तज्ज्ञ माणसाला दाखवायला जाताना सादरीकरण नेऊ नकोस, पायात घातलेला ब्रेस ने. आधी मार्गदर्शक सरांकडून माणसांवर चाचणी करायची रीतसर परवानगी घ्या. मग तुमच्यापैकीच एकाला घालून अर्धा तास चालवा, जिने चढवा, खुर्चीत बसवा-उठवा. सुरुवातीला वरच्या कडेला कातडीवर पेनाने रेघ ओढा आणि शेवटी किती मिलिमीटर खाली आला ते मोजा. काढल्यावर लाल वळ उठले असतील तर अर्ध्या तासात ते जातात का पाहा. न गेलेला प्रत्येक वळ बाईंना दाखवा. "घसरणार" या एका शब्दापेक्षा त्या वळावर त्या कितीतरी जास्त बोलतील.

लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारा बंध) फाटलेल्या गुडघ्यासाठीचा एक गाजलेला ब्रेस १९६०च्या दशकात अमेरिकेत जो नॅमथ या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या खेळाडूसाठी झाला. डॉक्टर जेम्स निकोलस आणि ब्रेस बनवणारे जॅक कास्टिग्लिया यांनी तो मिळून घडवला. एकाला गुडघा कळत होता, दुसऱ्याला धातू आणि पट्टे, आणि घालून धावणारा तिसरा समोर होता. तुमच्यात धातू कळणारे चौघे आहेत. गुडघा कळणाऱ्या बाई आता भेटल्या आहेत, त्यांना सोडू नका. घालणारं माणूस मात्र अजून कुणीच नाही, म्हणून हे पत्र.

माझा जुना ब्रेस कुरिअरने पाठवते आहे. मुद्दाम धुतलेला नाही. निओप्रीनच्या रबरी कापडावर घामाचे डाग कुठे गडद आहेत ते बघ, भार तिथे पडत होता. वेल्क्रोचं एक टोक फाटलंय, कारण सकाळी आखडलेल्या बोटांनी ते धरता यायचं नाही आणि मी दातांनी ओढायचे. तिथे अंगठा जाईल एवढी कडी लावता आली तर लावा. खालच्या पट्ट्याला आतून निळ्या पेनाने गोल केला आहे, नसेची जागा ती. पुढच्या भेटीला बाईंसमोर तो पट्टा तुझ्या स्वतःच्या पायावर बांध आणि गोल बरोबर आहे का ते त्यांना विचार.

तुझी,
आई