जिम थॉर्प सहल : शनिवारी येणाऱ्यांसाठी

मंडळी, पेनसिल्व्हेनियातल्या या गावाचं जुनं नाव मॉक चंक. जुन्या पाट्यांवर तेच दिसेल, गोंधळू नका. १९५४ मध्ये ऑलिंपिकवीर थॉर्पचं नाव दिलं. गाड्या खाली १८८८ च्या स्टेशनजवळच लावा. ब्रॉडवे अरुंद आणि चढाचा, वर जागा मिळणं कठीण.

रेल्वे उद्योजक एसा पॅकरचा वाडा टेकडीवर आहे. जुना तुरुंग ब्रॉडवेच्या वरच्या अंगाला. तिथे २१ जून १८७७ ला ‘मॉली मॅग्वायर’ (आयरिश खाणकामगारांची गुप्त संघटना) या गटातले ठरवलेल्या चौघा आयरिश लोकांना फाशी दिलं. १७ नंबरच्या कोठडीतला भिंतीवरचा हाताच्या पंजाचा ठसा पाहाच. फाशी जाणाऱ्या एकाने आपण निर्दोष असल्याची खूण म्हणून तो उमटवला, अशी आख्यायिका आहे; तिच्यावर विश्वास ठेवणं ज्याचं त्याच्यावर.

थॉर्पची लाल ग्रॅनाइटची कबर मात्र नदीपलीकडे, ९०३ क्रमांकाच्या रस्त्यावर. तिथे गाडीनेच जायचं.