एकाच छपराची तीन मापं : कोटेशन आणि बिल यांतल्या तफावतीबद्दल तक्रार

दिनांक : १८ मे २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
कोल्हापूर कार्यालय

विषय : कसबा बावडा येथील घराच्या छपराचं कोटेशन २,२५,६०० रुपयांचं आणि बिल ५,०२,०९० रुपयांचं दिल्याबाबत.

महोदय,

आपल्या माणसाने परवा घरी आणून दिलेलं बिल मिळालं. ते मला मान्य नाही. का मान्य नाही ते आकड्यांसह लिहितो, म्हणजे उत्तरही आकड्यांतच येईल.

आमचं घर दुपाखी, मंगलोरी कौलांचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिंतींत पाणी मुरलं आणि मागची भिंत थोडी खचली. एकेक कौल अडीच-तीन किलोचं, त्याखाली सागवानी वासे आणि तुळया. एवढं ओझं आता भिंतींवर नको, असं गवंड्याचं म्हणणं पडलं, म्हणून पत्र्याचा विचार केला. हौस म्हणून नव्हे. पत्र्याखाली उन्हाळ्यात काय होतं ते बावड्यात कुणाला सांगायला नको.

आपले विक्री प्रतिनिधी घर पाहायला आले तेव्हा त्यांनी टेप लावून आतून-बाहेरून मापं घेतली, मोबाईलवर फोटो काढले, माळ्यावर चढून वासेही बघितले. मग अंगणात बसून कोटेशन लिहिलं : ९६० चौरस फूट, दर २३५ रुपये, ०.५० एमएम कलर कोटेड पत्रा, फॅब्रिकेशन (खालचा लोखंडी सांगाडा) व मजुरीसह, ‘पूर्ण छप्पर’. मी विचारलं, यात अजून काही वाढणार का? ते म्हणाले, “काळजीच सोडा, सगळं धरून हाय की.” घरातली तीन माणसं हे ऐकायला होती.

त्या कागदावर मी घरचं अंदाजपत्रक बसवलं. पतसंस्थेकडून १,२०,००० कर्ज, सौभाग्यवतींच्या भिशीचे ६०,००० आणि मुदतीआधी मोडलेली ८०,००० ची ठेव, असे २,६०,०००. कोटेशन वजा जाता उरणारे चौतीस हजार भिंतींचे माथे बांधून घ्यायला आणि वायरिंगला ठेवले होते, ते तिथेच लागले. पतसंस्थेने कर्ज आपल्या कोटेशनवर मंजूर केलं आहे. आता वाढीव कर्ज मागायचं तर पुन्हा कोटेशन, पुन्हा जामीनदार, आणि संचालकांपुढे ‘आधीचं कोटेशन चुकीचं होतं का?’ या प्रश्नाला उत्तर मी द्यायचं.

आता बिलाकडे येतो. माझं घर जमिनीवर २४ बाय ४० फूट आहे, म्हणजे ९६० चौरस फूट. कोटेशनमध्ये हेच माप आहे. पण छप्पर जमिनीएवढं कधीच नसतं. चारी बाजूंनी दोन-दोन फुटांची वळचण धरली की २८ बाय ४४ होतं. त्यात आढं वळचणीपासून सात फूट उंच. अर्धी रुंदी चौदा, उंची सात, म्हणजे एका पाख्याची तिरकी लांबी साधारण १५.६५ फूट येते. दोन्ही पाखी मिळून १,३७७ चौरस फूट. हे गणित आठवी-नववीच्या मुलाला येतं. छपराचा धंदा करणाऱ्या कंपनीच्या माणसाला, टेप हातात असताना आणि आढं डोळ्यांसमोर असताना, आलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

बरं, बिल १,३७७ चंही नाही. ते १,५६८ चौरस फुटांचं आहे. हा आकडा कुठून आला ते शोधायला मी पत्रे मोजले. एका पाख्याला १४, एकूण २८. प्रत्येक १६ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. २८ गुणिले १६ गुणिले ३.५, बरोबर १,५६८. म्हणजे एका पत्र्यावर दुसरा पत्रा जिथे चढतो ती पट्टी आपण दोनदा मोजली. साडेतीन फुटी पत्रा बसवल्यावर साधारण सव्वातीन फूटच झाकतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. नुसता पत्रा दुकानातून विकत घेतला असता तर पूर्ण रुंदीचे पैसे देणं बरोबर होतं. पण २३५ चा दर मजुरी आणि फॅब्रिकेशनसह आहे. पट्टीवर पट्टी चढली म्हणून खालचा लोखंडी सांगाडा वाढत नाही आणि मजुरीही वाढत नाही. दर घातलेल्या छपराचा सांगायचा आणि माप गोदामातल्या पत्र्याचं लावायचं, असं चालणार नाही.

यापुढे बिलात आढ्याचं कॅपिंग (आढ्यावरची झाकणपट्टी) ७,०४०, पन्हळ १८,४८०, जुनं छप्पर उतरवणी २२,००० आणि परांची व क्रेन ९,५०० असे ५७,०२० रुपये जोडले आहेत, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी ७६,५९०.

पन्हळीचे पैसे मी देतो. कोटेशनमध्ये तिचा उल्लेख नव्हता आणि ती वेगळी वस्तू आहे. पण आढ्यावरच्या कॅपिंगशिवाय ‘पूर्ण छप्पर’ कसं होतं? दोन पाख्यांच्या मधली फट उघडी ठेवून आपण कुठे छप्पर पूर्ण झाल्याचं सांगता? परांची मजुरीत येते. माणसं हवेत उभी राहून पत्रे बसवत नाहीत.

उतरवणीचे बावीस हजार मात्र मनाला लागले. आपले प्रतिनिधी माळ्यावर उगाच चढले नव्हते. खाली येऊन त्यांनीच सुचवलं, “जुनं लाकूड आमाला, उतरवणी तुमाला फुकट.” मी हो म्हणालो. चार सागवानी तुळया आणि सगळे वासे आपल्या टेम्पोतून गेले. आमच्या गल्लीतल्या सुताराच्या म्हणण्याप्रमाणे त्या लाकडाचे निदान तीस हजार आले असते. आता लाकूडही आपल्याकडे आणि उतरवणीचं बिलही माझ्याकडे. लाकूड परत द्या, मी बावीस हजार रोख देतो. टेम्पोत चढवलेल्या तुळयांचे फोटो माझ्याजवळ आहेत.

पत्र्याच्या जाडीबद्दलही लिहितो. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळे बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर घरात असतो. उरलेल्या तुकड्यांची जाडी कापताना कडेला उठलेली बर सोडून वेगवेगळ्या ठिकाणी मोजली. रंगासकट ०.४५ एमएम भरते. आपल्या सुपरवायझरला दाखवलं तर ते म्हणाले, ०.५० म्हणजे नॉमिनल, नुसती नावापुरती जाडी. पत्र्याची जाडी दोन तऱ्हांनी सांगतात, नुसत्या पोलादाची किंवा वरचा थर आणि रंग धरून एकूण, हे मला माहीत आहे. पण मी एकूण जाडीच मोजली आहे. तीच ०.४५ असेल तर आतलं पोलाद त्याहून कमी, आणि कुठल्याही तऱ्हेने ०.५० होत नाही. पाच शतांश मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण पोलाद एका चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो भरतं. माझ्या छपराचे साधारण १२८ चौरस मीटर, म्हणजे पन्नास किलोहून जास्त माल मला कमी मिळाला. नामांकित कंपन्यांच्या पत्र्यांच्या पाठीवर छपाई असते, या पत्र्यांची पाठ कोरी आहे. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर अजून आलेलं नाही. आणि हो, ड्रिल मारताना पडलेला लोखंडाचा कीस आपल्या माणसांनी पत्र्यावर तसाच सोडला आहे. वळवाच्या पहिल्याच सरीत त्याला गंज धरला आणि नव्या रंगावर तपकिरी ठिपके दिसू लागले. ते पुसून घेणं हे आपलं काम.

जीएसटीबद्दल एवढंच, की ७६,५९० रुपये कर मागणाऱ्या बिलावर आपला जीएसटी नंबर नाही, बिल क्रमांक नाही, पत्र्याचा एचएसएन कोडही (करासाठी मालाला असतो तो क्रमांक) नाही. साध्या लेटरहेडवर आकडे आहेत. ‘सगळं धरून’ सांगितलेल्या दरात कर आला, असं मी धरतो. तो वेगळा होता तर कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ हे दोन शब्द लिहायला जागा भरपूर होती.

बावड्यातली माणसं पावसाळाभर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचा पाण्याचा आकडा बघत राहतात. पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. मधल्या चार फुटांत जनावरं हलवता येतात, धान्य वर चढवता येतं. आपण कोटेशनवरून एकदम धोक्याच्या पातळीवर आलात. कामाच्या मध्यावर, सांगाडा उभा राहताना, कुणी एक फोन करून ‘माप वाढतंय’ म्हणाला असता तरी मी पुढची जागा पत्र्याची करून मागचा सोपा कौलांचाच ठेवला असता. मुळात खरा आकडा पहिल्या दिवशी कळला असता तर कदाचित मागची भिंत तेवढी बांधून, या वर्षी नुसती शाकारणी करून घेतली असती. तो निर्णय माझा होता आणि तो मला घेता आला नाही. म्हणून कौलं उतरल्यावर आलेली ही वाढ मला नुसती आकडेमोडीची गफलत वाटत नाही. घर उघडं पडल्यावर ग्राहक कुठे जाणार, हा हिशोब त्यात आहे.

माझा हिशोब असा. प्रत्यक्ष छप्पर १,३७७ चौरस फूट, दर २३५, म्हणजे ३,२३,५९५. पन्हळ १८,४८०. एकूण ३,४२,०७५, कर धरून. त्यातले २,२५,००० आपल्याला पोचले आहेत, पावत्या आहेत. बाकी १,१७,०७५. यातून पत्र्याच्या कमी जाडीचा फरक वजा व्हायचा आहे, ०.४५ आणि ०.५० च्या दरातला फरक आपण लेखी कळवा. कोटेशनपेक्षा हेही एक लाख सोळा हजारांनी जास्त आहे आणि त्यासाठी घरातलं सोनं तारण ठेवावं लागणार आहे. तरी छप्पर जेवढं आहे तेवढ्याचे पैसे बुडवायची माझी इच्छा नाही. आपल्या बिलातले उरलेले १,६०,०१५ मी देणार नाही.

पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय पन्हळ आणि पूर्वेकडच्या कडेचे स्क्रू होणार नाहीत, असं सुपरवायझर म्हणाले. मृग लागायला तीन आठवडे उरलेत. वाऱ्याने ती कड उचलली आणि पत्रा शेजारच्या गोठ्यावर गेला तर जबाबदारी कुणाची, हेही लेखी द्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत याची माहिती मिळणं हा माझा हक्क आहे. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत दुरुस्त बिल, जीएसटी नंबरसह, आणि टेस्ट सर्टिफिकेट मिळालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकील लावावाच लागतो असंही नाही. कोटेशन, पावत्या, बिल आणि फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पत्र्याचा तुकडा माझ्याकडे आहे, आपल्या माणसासमोर पुन्हा मोजायची तयारी आहे.

कडेचे स्क्रू आणि पन्हळ यांसाठी माणसं पाठवाल तेव्हा आदल्या संध्याकाळी फोन करावा. माझी पहिली पाळी असते, दुपारी तीननंतरच घरी असतो, आणि यापुढचं काम मी समोर असल्याशिवाय होऊ देणार नाही.

आपला,
(सही)
एक ग्राहक,
कसबा बावडा, कोल्हापूर