नानांचे पाय तपासणाऱ्या मुलामुलींचे आभार

आमच्या गावातल्या आरोग्य शिबिरात भेटलेल्या विद्यार्थ्यांनो, तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून इथेच मनापासून आभार मानते.

नाना आले होते दात हलतो म्हणून. दंतवैद्यक शिकणाऱ्या मुलीने सुजलेल्या हिरड्या पाहून आधी साखरेचं विचारलं. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आवरत नाही, हे तिने नानांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मग तिने शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टर मुलाला बोलावलं. मधुमेहाने पायांची जाणीव कमी होते, ती तपासायला नर्सिंगच्या ताईने तळव्यांवर नायलॉनचा बारीक तंतू टेकवला. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा तो तंतू नानांना दोन जागी जाणवलाच नाही! द्राक्षबागेत अनवाणी फिरणाऱ्या माणसाला काटा लागला तरी कळणार नव्हतं. फिजिओथेरपीच्या मुलाने त्यांची चाल पाहिली, चप्पल कशी हवी ते सांगितलं. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच कागद लिहिला. एरवी प्रत्येक दवाखान्याची फाईल वेगळी आणि सल्लाही वेगळा, त्यात म्हातारं माणूस गोंधळून जातं.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात १९९८पासून वैद्यक, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशा शाखा एका छताखाली आहेत. त्या शाखा एका रुग्णासाठी अशा एकत्र बसतात, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. तुम्हाला ही सवय लावणाऱ्या शिक्षकांनाही नमस्कार.

नाना आता बागेत बूट घालूनच जातात आणि रोज रात्री तळवे तपासून घेतात.