टीचर, मान आता कमी वळते

प्रिय टीचर,

हे पत्र उघड्यावर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा गार होतोय" म्हणून विषय बदलता. तुमचं नाव घालत नाही. वसईत आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरात, ज्यांना कळायचं त्यांना 'बुधवारच्या टीचर' एवढ्यावरून कळेलच.

तारीख माझ्या पक्की लक्षात आहे. ३१ जुलै २०२२, रविवार. रविवारी देवळात लूकचं शुभवर्तमान वाचायचं वर्ष चालू होतं. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे म्हणावं. येशू त्याला उडवून लावतो, तुमची वाटणी करून द्यायला मला कुणी नेमलंय? मग लोभाबद्दल बोलतो आणि जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. फादर 'लोभ' या शब्दावर आले आणि माझी मान आपोआप उजवीकडे वळली. तिथे तिसऱ्या बाकावर माझा धाकटा भाऊ बसला होता.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर देवळाच्या पायरीवर तुम्ही गाठलंत. "मान दुखतेय का रे? सारखी एकाच बाजूला वळत होती." तिसरीत पाढे चुकल्यावर विचारायचात त्याच सुरात. आणि वर, "बुधवारी संध्याकाळी ये. काही आणू नको. मत तर अजिबात आणू नको."

आमचं भांडण सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणजे लपवण्यासारखं काही नाही. वाडीच्या मधोमध वडिलांचं बावखल, म्हणजे छोटं तळं. पावसाळ्यात ते भरायचं, आसपासच्या विहिरींना गोडं पाणी टिकायचं, केळी आणि भाजी त्यावर जगायची. धाकटा बारा वर्षं जहाजावर होता. मी इथे होतो, वडिलांचं आजारपण मी काढलं, पंप मी दुरुस्त केले. तो परत आला आणि म्हणाला, माझ्या वाट्याचा अर्धा भाग भरून घर बांधतो. मी तक्रार अर्ज केला. लोकांना सांगायचो की पाण्याचा प्रश्न आहे, वसईतली किती बावखलं बुजली बघा. ते खरंच होतं. पण तत्त्व नंतर सुचलं टीचर, राग आधीचा होता. बोलणं बंद झालं ते झालंच.

तुमच्या पडवीत पहिल्या बुधवारी पाच जण होतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोरा चहा आणि पुठ्ठा सुटलेलं बायबल. उतारा तीनदा वाचायचा. एकदा मोठ्याने, एकदा मनात, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून जे उरलं तेवढंच सांगायचं. 'आपण सर्वांनी' असं सुरू होणारं वाक्य बंद. जो इथे बसलेला नाही त्याच्याबद्दल बोलणं बंद. मी पहिल्याच दिवशी दोन्ही नियम मोडले. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त विचारलंत, "या गोष्टीत तू कुठे उभा आहेस?" मी म्हटलं, गर्दीत. तुम्ही म्हणालात, "मग 'माझ्या भावाला सांगा' हे कोण म्हणालं?"

मी त्यानंतर दोन बुधवार आलो नाही.

ही पद्धत तुम्ही शोधलेली नाही, हे मला पुढे तुमच्याकडूनच कळलं. बाराव्या शतकात गीगो नावाच्या कार्थुसियन मठवासीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली होती. मी विचारलं होतं, मठातल्या माणसांचं आमच्यासारख्या लोकलने जाणाऱ्यांना कसं जमायचं? तुमचं उत्तर होतं, "शिडी राहू दे. एक वाक्य खिशात टाक." वसईहून गाडी सुटली की ते वाक्य मनात धरायचं आणि नायगावनंतर खाडीचा पूल संपेपर्यंत सोडायचं नाही, एवढीच अट. पूल संपला की माझं वाक्यही बहुतेक वेळा खाडीत पडलेलं असायचं. पण काही वाक्यं पुलापलीकडे आली, अंधेरीपर्यंत आली, ऑफिसात हिशेबाच्या वहीपाशी येऊन बसली.

द्राक्षमळ्याच्या मालकाचं तसं झालं. मत्तयच्या विसाव्या अध्यायातला, शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पूर्ण मजुरी देणारा तो मालक. त्याच आठवड्यात वाडीत कामाला सांगितलेला एक बिगारी अकरा वाजता उगवला. अर्धा दिवस धरणार होतो, पण 'माझं चांगुलपण तुझ्या डोळ्यांत खुपतं का' हे खिशात होतं. पूर्ण पैसे दिले. मग दोन दिवस बायकोपाशी कुरकुरत राहिलो. बुधवारी मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर तुम्ही हसून म्हणालात, "म्हणजे पैसे दिलेस आणि खुपणं ठेवून घेतलंस." इतकं नेमकं प्रवचन मी देवळात क्वचितच ऐकलंय. (फादर, वाचत असाल तर माफ करा.)

एका बाबतीत आपलं अजून पटत नाही. रोज सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रात येणारी वचनं तुम्हाला आवडत नाहीत. "तोडलेली फुलं," म्हणता. माझी आजारी मेहुणी त्याच वचनांवर दिवस काढते, म्हणून त्या विषयावर मी तुमचं ऐकत नाही.

तुमचा हट्ट कुठून येतो तेही तुम्ही एकदा सांगितलंत. तुमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. तुमची आजी पूर्ण वेळ रोझरी, म्हणजे जपमाळ, करायची, कारण वेदीवर काय चाललंय ते कळायचं नाही. बायबल घरात नव्हतंच. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 'देई वर्बुम' हा दस्तऐवज जाहीर झाला आणि त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की पवित्र शास्त्राचं दार सगळ्या श्रद्धावंतांना सताड उघडं असलं पाहिजे. शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान, हे संत जेरोमचं वचनही त्यात आहे. या नोव्हेंबरला त्याला साठ वर्षं झाली. तुम्ही तेव्हा सोळा वर्षांच्या होतात. पुढे रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात लावली गेली, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. आम्हाला हे सगळं आयतं मिळालं म्हणून आम्ही देवळात जांभया देतो. तुमच्या पुठ्ठा सुटलेल्या बायबलशेजारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा सुबोध मराठी अनुवादही असतो. २०२४च्या जुलैत फादर दिब्रिटो गेले, त्यानंतरच्या बुधवारी तुम्ही काहीच वाचलं नाहीत. अनुवाद नुसता मांडीवर ठेवून बसलात.

आता इसहाकाबद्दल. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायातल्या विहिरी मी आधी कधी वाचल्याच नव्हत्या. इसहाकाची माणसं विहीर खणतात, गरारचे गुराखी म्हणतात पाणी आमचं. तो तिला नाव देतो एसेक, म्हणजे कलह. दुसरी खणतात, तिच्यावरूनही भांडण, नाव सितना, म्हणजे वैर. तो पुढे सरकतो, तिसरी खणतो. तिच्यावरून कुणी भांडत नाही, तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा. तुम्ही कुठलीही टिप्पणी केली नाहीत. एवढंच विचारलंत, "तुमच्या बावखलाला नाव काय रे?" नाव नाहीच, आम्ही बावखलच म्हणतो. पण घरी जाताना अंधारात त्याच्या काठाशी थांबलो तेव्हा दोन नावं तोंडावर होती आणि तिसरं नव्हतं.

यंदा, २०२५मध्ये, लूकचं वर्ष पुन्हा फिरून आलं. ३० मार्चला, उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, उधळ्या मुलाची गोष्ट होती. बुधवारी त्या गोष्टीतला थोरला भाऊ मला सापडला. तो शेतात राबतोय, बापाला हिशेब ऐकवतोय, धाकट्याला 'माझा भाऊ' न म्हणता 'हा तुमचा मुलगा' म्हणतोय. मी पहिल्यांदा स्वतःहून म्हणालो, हा मी. तुम्ही विचारलंत, "मग तो घरात जातो का?" मी पान उलटलं. पुढे दुसरीच गोष्ट सुरू होते. बाप बाहेर येऊन विनवतो एवढंच लिहिलंय, तो आत गेला की नाही ते लूकने सांगितलेलंच नाही. "ते कोण लिहिणार?" म्हणून तुम्ही चहाचे कप उचलायला लागलात.

मी लगेच उठून भावाकडे गेलो असतो तर पत्र छान झालं असतं. तसं झालं नाही. मे महिन्यात बावखलातला गाळ काढायला माणूस मिळेना, तेव्हा पलीकडच्या काठावर तो घमेलं घेऊन उभा दिसला. चार दिवस दोघांनी गाळ काढला. बोलणं 'हे धर', 'तिकडे टाक' एवढंच. सातबारा आहे तसाच आहे. माझा अर्ज मी मागे घेतला. त्याने घराची जागा काठापासून मागे सरकवली, किती ते अजून मोजायचं आहे, आणि त्यावरून आम्ही पुन्हा भांडू अशी मला शंका आहे.

३ ऑगस्टला तेच शुभवर्तमान आलं. गुरुजी, माझ्या भावाला सांगा. माझी मान वळली, टीचर, खोटं कशाला बोलू. पण तोही माझ्याकडेच बघत होता.

तुमच्या मोतीबिंदूमुळे हल्ली वाचायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून एक आधीच सांगून ठेवतो. १७ डिसेंबर बुधवारी येतोय आणि त्या दिवशी मत्तयमधली येशूची वंशावळ आहे, नुसती नावंच नावं. जरूब्बाबेलपाशी मी अडखळणार, हसू नका. धाकटा येतो म्हणालाय. आत बसणार नाही, पायरीवर बसेन म्हणतो. खुर्ची एक जास्त मांडा. आणि दुसऱ्याच ओळीत 'यहूदा व त्याचे भाऊ' असं आहे, तिथे मला थांबवू नका, कृपा करून.

तुमचा,
तिसरीतला, पाढे अजून न येणारा