तांडेलकाकांना, भिरभिऱ्याबद्दल

आदरणीय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते, तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही पुन्हा जाळ्याकडे वळला असतात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

त्या रविवारी वाडीतली पोरं आणि मी हर्णैच्या किनाऱ्यावर भिरभिरी घेऊन आलो होतो. जुन्या लग्नपत्रिकांची, हौसेनं रंगवलेली. रात्रभर अंगणात राहिली नि दवानं पार मऊ पडली. एकही फिरेना. धाकटा रडायलाच लागला. तुम्ही हातातलं जाळं खाली ठेवून उठलात. "कागद नको, बाटल्या आणा," एवढंच म्हणालात.

बाटल्यांना आपल्या किनाऱ्यावर काय तोटा! तुम्ही बाटलीचं बूड कापलंत, वरच्या भागाला खांद्यापर्यंत आठ चिरा दिल्यात, पाकळ्या बाहेर वळवून प्रत्येकीला एकाच बाजूला पीळ घातलात. झाकणाला तापल्या खिळ्यानं भोक, त्यातून सायकलची जुनी तार, आणि झाकण घसरू नये म्हणून पुढेमागे चपलेच्या रबराच्या चकत्या. भोक तारेपेक्षा जरा मोठंच ठेवायचं, हे तुम्ही प्रत्येकाला बोटानं फिरवून दाखवलंत. पुढच्या बाटल्या पोरांनीच कापल्या. तापल्या खिळ्याला मात्र कुणाला हात लावू दिला नाहीत.

खरी गंमत नंतर झाली. एक भिरभिरं आम्ही समुद्राकडे तोंड करून कुंपणाला घट्ट बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शेजारची चौथीतली मुलगी धावत आली, "ताई, ते उलटं फिरतंय!" दुपारी पाहिलं, तर पुन्हा सुलटं. पोरं तुमच्याकडेच आली. तुम्ही म्हणालात, "पहाटेचा वारा डोंगराकडून येतो, दुपारचा दर्यावरून. शिडं होती तेव्हा एकानं बाहेर जायचं नि दुसऱ्यानं घरी यायचं."

दिवसा जमीन पाण्याच्या आधी तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, ते खारे वारे. रात्री जमीन आधी निवते, की उलट वाहतात ते मतलई वारे. मी हे किती वेळा फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं! पोरांना ते तुमच्या बाटलीनं दाखवलं, आणि मलाही.

मनापासून आभार, काका. लाल झाकणाचं एक भिरभिरं पोरांनी तुमच्या होडीसाठी राखून ठेवलंय. रविवारी घेऊन येतो.

तुमची,
वाडीतली ताई