परसातल्या कोंबड्यांच्या आहाराविषयी मित्रास पत्र

दापोली,
दि. ८ जून

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. सांगोल्याच्या वस्तीवर तू आणि वहिनींनी कोंबड्या पाळायला घेतल्या, हे वाचून मनापासून आनंद झाला. तुझ्या तक्रारी मात्र मी दोनदा वाचल्या. दुकानातले खाद्य अजिबात घालायचे नाही, ज्वारी, बाजरी आणि उरलेली भाकरी एवढेच द्यायचे, बाकी त्या शिवारात चरून पोट भरतील, असे तू ठरवलेस. तरीही अंड्याचे कवच बोटाने दाबले की चिरते, बलक फिकट असतो आणि दोन कोंबड्या इतरांच्या पाठीची पिसे उपटून खातात. माझ्या मते या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. तुझ्या कोंबड्यांना दाणा कमी पडत नाही, दाण्याबाहेरचे कमी पडते आहे.

आपल्या आज्या कोंबड्यांना मूठभर कण्या टाकत आणि त्यांचे बरे चाले, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण त्या मुठीच्या मागे काय काय उभे होते ते आठव. गोठ्याशेजारी उकिरडा होता, त्यात बाराही महिने किडे आणि अळ्या सापडत. अंगण शेणाने सारवलेले असे, खळ्यावर मळणीचे दाणे आणि त्यावर जमलेले कीटक असत, कुंपणाला कोवळा पाला असे, आणि घरातले कोणी ना कोणी वारूळ फोडून वाळवी आणून पिल्लांपुढे टाकी. कण्या म्हणजे फक्त ताकद होती. मांस-पिसांना लागणारी प्रथिने, हाडांना लागणारे कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे परसाकडून मिळत. आज तुझ्याकडे जनावरे नाहीत, शेण नाही, घराभोवती पेव्हर ब्लॉक आहेत आणि मागच्या डाळिंबाच्या बागेत औषधांची फवारणी चालू असते. तिथे कोंबडी दिवसभर हिंडली तरी तिला काय मिळणार? (फवारणीनंतर तिकडे त्यांना सोडू नकोस, हे वेगळे सांगायला नको.)

दुसरी गोष्ट जातीची. तू पिसांच्या रंगावरून त्यांना गावरान म्हणतोस, पण पत्रातल्या वर्णनावरून त्या ग्रामप्रिया किंवा वनराजा असाव्यात. या दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच तयार केल्या आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देऊन मध्येच खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते, आणि तिचे शरीर तेवढ्याच खर्चाला बेतलेले असते. ग्रामप्रियासारखी कोंबडी बऱ्या आहारावर वर्षाला दीडशेच्या पुढे जाते. तिला गावरान कोंबडीची मूठ घातली तर ती अंडी देणे लगेच थांबवत नाही. आधी स्वतःच्या हाडांतून आणि अंगातून काढून देते. म्हणून सुरुवातीला सगळे ठीक वाटते आणि काही महिन्यांनी कवच पातळ होऊ लागते.

कवचाचा हिशेब तुझ्यासारख्या हिशेबी माणसाला लगेच पटेल. एका अंड्याचे कवच साधारण पाच-सहा ग्रॅमचे असते, ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते आणि त्यात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. याउलट १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असते जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. म्हणजे दाण्यातून ही भरपाई कधीच होणार नाही, कितीही दाणा घातला तरी. अंडे पोटात तयार व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो आणि त्यातले वीसेक तास कवच घडण्यातच जातात. त्यातला मोठा भाग रात्रीचा, म्हणजे कोंबडी काहीच खात नसते तेव्हाचा असतो. म्हणून कॅल्शियमचे खाद्य संध्याकाळी आणि भरड स्वरूपात द्यावे. पिठासारखी भुकटी लवकर निघून जाते, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे मात्र पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) राहून रात्रभर हळूहळू विरघळतात.

आमच्याकडे तिसऱ्या आणि कालवे या समुद्री शिंपल्यांची टरफले मुबलक. ती धुऊन, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटायची, एवढेच काम. तुझ्याकडे समुद्र नाही, पण कोंबडी-खाद्याच्या दुकानात चुनखडीची भरड मिळते आणि घरातली अंड्यांची कवचेही चालतात. कवचे तव्यावर खमंग होईपर्यंत भाजून चुरून घाल. अर्धी टरफले तशीच टाकलीस तर कोंबड्यांना अंडे ओळखता येते आणि त्या आपलीच अंडी फोडून खायला शिकतात. पानाचा चुना किंवा चुनकळी चुकूनही देऊ नकोस, तिने तोंड आणि आतडी भाजतात. शिंपल्यांची किंवा कवचांची भरड दाण्यात न मिसळता वेगळ्या कुंडीत ठेव. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरते उचलते. तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी), कोंबडा आणि पिल्ले यांना एवढे कॅल्शियम नको असते, आणि पिल्लांच्या तर मूत्रपिंडांना ते बाधते.

आता पिसे उपटण्याविषयी. दाटी, गोचीड-पिसवा आणि मिठाची कमतरता ही कारणे आधी तपासून घे, पण तुझ्याकडे मला प्रथिनांची तूट दिसते. पीस जवळजवळ सगळेच प्रथिनांचे असते आणि त्याला गंधकयुक्त अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक), विशेषतः मेथिओनिन, भरपूर लागतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या आहारात सोळा-सतरा टक्के प्रथिने हवीत. ज्वारी-बाजरीत ती दहा-अकरा टक्के असतात. शिवाय धान्यात लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी आणि डाळवर्गात मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते, आपल्या ताटातल्या वरण-भातासारखेच. सोयाबीनच्या पेंडीत प्रथिने चव्वेचाळीस टक्क्यांच्या पुढे, शेंगदाणा पेंडीत चाळीसच्या आसपास, आणि तिळाची किंवा सूर्यफुलाची पेंड मेथिओनिनसाठी उपयोगी. तुमच्या भागात या पेंडी सहज मिळतात.

दहा किलोचे मिश्रण करायचे तर मी असे करीन: ज्वारी, बाजरी आणि मका मिळून सहा किलो, जाडसर भरडलेले, सोयाबीन पेंड दीड किलो, तिळाची किंवा शेंगदाण्याची पेंड पाऊण किलो, तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा दीड किलो, कोंबड्यांसाठीचे खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम, आणि मीठ तीस ग्रॅम. खनिज मिश्रणात मीठ असेल तर वेगळे घालू नकोस. यात प्रथिने सतराच्या आसपास येतात. अगदी वजनकाट्याने करायची गरज नाही, पण पेंडीचे माप कमी करून धान्य वाढवायचा मोह मात्र टाळ, कारण पैसा वाचतो तो तिथेच आणि अंडी जातात तीही तिथेच. बंदिस्त कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाते. तुझ्या मोकळ्या कोंबड्यांना प्रत्येकी साठ-सत्तर ग्रॅमपासून सुरुवात कर. सकाळी सोडताना थोडेसे दे, म्हणजे त्या भुकेल्या पोटी चरायला जातात, आणि मोठा वाटा दिवस मावळण्याआधी खुराड्याजवळ घाल. डालग्यात वेळेवर यायची सवयही त्याने लागते.

तू घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालायचा विचार लिहिला आहेस, तो तेवढा सोडून दे. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचे पचन अडवतात. नीट भाजून किंवा शिजवूनच ते द्यावे. शेजाऱ्यांनी सुचवलेली सरकी पेंड जनावरांना उत्तम, पण तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि कोंबडीलाही ते सोसत नाही. गाई-म्हशींच्या तयार खाद्यात तर युरिया असू शकतो, त्याच्या वाटेला जाऊच नकोस. कच्चा राजमा, हिरवे पडलेले बटाटे आणि त्यांची साले, एरंडाच्या बिया, खारवलेले लोणचे-पापड यांतले काहीही परसात टाकू नये. भाकरी चालते, पण ती कोंबडीचे पोट भरते आणि पेंड खायला जागा ठेवत नाही, म्हणून थोडीच.

सुकट आणि जवळ्याबद्दल विचारलेस. इथे आम्ही देतो आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात. प्रथिने उत्तम असतात, पण बाजारातल्या सुकटीत मीठ फार असते. पाण्यात भिजवून, धुऊन, पुन्हा वाळवून द्यावी, तीही चिमूटभर. जास्त झाली की अंड्याला मासळीचा वास येतो आणि मग वहिनी ती अंडी स्वयंपाकघरात घेणार नाहीत.

अझोल्याचे इतके कौतुक तू कुठून ऐकलेस कोण जाणे. पाण्यावर तरंगणारी ती वनस्पती चांगलीच आहे, पण तिच्यात जवळजवळ पंच्याण्णव टक्के पाणी असते. सुक्या वजनावर बावीस-पंचवीस टक्के प्रथिने असली तरी एक किलो ओल्या अझोल्यातून हाती येतात दहा-बारा ग्रॅम. पेंडीच्या जागी अझोला, हा हिशेब जुळत नाही. हिरवा चारा म्हणून ओंजळभर देणे योग्य. तुमच्याकडे शेवगा जोमाने येतो. त्याचा पाला कॅल्शियम, प्रथिने आणि अ जीवनसत्त्व या तिन्ही बाबतींत अझोल्याहून माझ्या जास्त पसंतीचा आहे. सावलीत वाळवून चुरून ठेवला तर उन्हाळ्यातही पुरतो. लसूणघास, हादगा, कोथिंबिरीचे देठ, मेथीच्या काड्या हे सगळे दोरीने बांधून टांगून ठेव. त्या टोचून खातात आणि एकमेकींकडे लक्ष जात नाही, हा त्यातला दुसरा लाभ.

फिकट बलकाचे उत्तरही यातच आहे. बलकाला रंग येतो तो पिवळ्या मक्यातल्या, हिरव्या पाल्यातल्या आणि झेंडूच्या पाकळ्यांतल्या रंगद्रव्यांमुळे, आणि पांढऱ्या ज्वारीत ती नसल्यातच जमा असतात. निम्मी ज्वारी काढून मका घातलास की काही दिवसांत फरक दिसेल. पण केवळ बलक केशरी आहे म्हणून अंडे सकस आहे असे मानू नकोस. रंग आणि पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातल्या लोकांना हे पटवणे कठीण जाते आणि अंडी विकणाऱ्यांना ते पटवून देण्याची इच्छाही नसते.

कोंबडीला दात नसतात, दळण पेषणीत होते. त्यासाठी बारीक खडे लागतात. पेव्हर ब्लॉकवर ते मिळत नाहीत, तेव्हा ओढ्याकाठची जाड वाळू एका पाटीत ठेव. शिंपल्यांनी हे काम भागत नाही, कारण ती विरघळून जातात. पाण्याबाबत मात्र कसूर नको. एरवी कोंबडी पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, पण तुमच्या माणदेशातल्या उन्हात ते दुप्पट होते आणि काही तास पाणी मिळाले नाही तरी अंडी कमी होतात. मातीचे भांडे सावलीत ठेव, रोज घासून भर, आणि चैत्र-वैशाखात खाद्य ऊन चढण्याआधी आणि उतरल्यावरच घाल.

पिल्लांचा विषय थोडक्यात उरकतो, कारण त्याबाबत माझे मत तुझ्या निर्धाराच्या विरुद्ध आहे. पहिले आठ आठवडे पिल्लाला वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात आणि त्याचे पोट एवढेसे असते. रवणीवरची (अंडी उबवून पिल्ले काढलेली) आई सोबत असली तरी तुझ्या परसात तिला वाळवी किंवा अळ्या शोधून देता येणार नाहीत. तेव्हा तेवढ्या काळापुरते दुकानातले पिल्लांचे खाद्य आण. जोडीला तांदळाची बारीक कणी, उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि मिळालीच तर वाळवी दे. एवढ्याने तुझे कुक्कुटपालन कमी नैसर्गिक होत नाही.

आता पाऊस तोंडावर आला आहे म्हणून एक गोष्ट आग्रहाने लिहितो. ओलसर हवेत मका आणि विशेषतः शेंगदाणा पेंड यांना बुरशी लागते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. त्याने यकृत खराब होते, वाढ खुंटते आणि पिल्ले पटापट मरतात. बुरशी धुऊन किंवा भाजून विष जात नाही. कुबट वास आलेले, ढेकळे झालेले खाद्य सरळ खड्ड्यात पुरावे. तांदळाच्या कोंड्यात तेल असल्यामुळे तोही लवकर खवट होतो. म्हणून पावसाळाभर दोन-तीन आठवड्यांना पुरेल एवढेच मिश्रण कर आणि पोती भिंतीला न टेकवता फळीवर ठेव. आमच्याकडे कोकणात ही पंचाईत चार महिने चालते, तुमच्याकडे कमी, पण सप्टेंबरच्या पावसात सांगोल्यालाही ती येते.

हे सगळे सुरू केल्यावर कवच सुधारायला दोन-तीन आठवडे दे. तरीही अंडी लिबलिबीतच येत राहिली तर कारण आहारात नाही, रोगात आहे असे समजून पशुवैद्यकांना दाखव. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली होती की नाही हेही त्यांना सांग. पुढे कधी अंगावरची पिसे गळून नवी येऊ लागली आणि अंडी थांबली तर घाबरू नकोस, त्या दिवसांत पेंड थोडी वाढव, एवढेच.

आमच्या गावचा एक मुलगा पुढच्या आठवड्यात पंढरपूरला जाणार आहे. त्याच्याबरोबर कुटलेल्या शिंपल्यांची एक पिशवी पाठवतो, वाटेत उतरवून घे. तुमच्याकडे सोयाबीन पेंड आणि तिळाची पेंड सध्या काय भावाने मिळते, कोंबड्यांत अंड्यावर आलेल्या किती आणि तलंगा किती, हे उलट टपाली कळव; त्याप्रमाणे मिश्रणाचे माप बदलायचे असेल तर लिहीन. सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत